बुधवारची बॅच

लातुरात चार माणसं एका खोलीत वह्या घेऊन बसली की त्याला क्लास म्हणतात, आणि त्यातलं एखादं उठून उभं राहिलं की त्याला सर म्हणतात. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त चंद्रप्पा शांतवन मुखेडकरांना. कालव्याच्या एका उपविभागात हेडक्लार्क म्हणून उभा जन्म काढलेल्या माणसाला टेबलाबाहेरच्या बऱ्याच गोष्टी ठाऊक नसतात. पण ठाऊक नसलेल्या गोष्टीवर तो दोन पानी टिपणी लिहू शकतो, हीच त्या खुर्चीची थोरवी.

भूकंपाला तेव्हा चार वर्षं होत आली होती. भूकंपात चर्चच्या दगडी भिंतीला भेग पडली आणि मंडळी आत बसायला तयार होईना. तेव्हा पाळकसाहेबांनी घरसभा सुरू केल्या. दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या ओसरीत, कुणाच्या पत्र्याच्या शेडात दहाबारा माणसं जमायची. एक गाणं, एक वचन, एक प्रार्थना आणि मग चहा. पुढं भेग बुजली, भिंतीला रंग लागला, पण घरसभा चालूच राहिल्या. चंद्रप्पांच्या औसा रोडवरच्या बैठकीतली घरसभा तर एकाही बुधवारी चुकली नाही.

त्याला कारण होतं. चंद्रप्पांच्या बायकोची, सुवार्ताबाईंची, धाकटी बहीण औशाकडच्या एका गावात भूकंपात गेली होती. घरात त्या तिचं नाव काढत नसत. चंद्रप्पांनी काढलं तर उठून स्वयंपाकघरात जात आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धूत. चर्चच्या दगडी भिंतीआड तर त्या अजून पाऊल टाकत नव्हत्या. रविवारची सगळी उपासना बाहेरच्या पायरीवर बसून ऐकायच्या. पण बुधवारी, त्या दहाबारा माणसांत, त्या बोलायच्या. बहिणीचं नाव घेऊन बोलायच्या. आणि बुधवारी त्यांना झोप लागायची. म्हणून चंद्रप्पांना बुधवार जिवापाड प्यारा होता. अर्थात हे ते कुणाला सांगत नसत. लोकांना सांगायचे, "आपण काय, शिस्त म्हणून घेतो."

घोटाळा सुरू झाला तो चर्चच्या कापणीच्या सणाला. वरचे एक मोठे साहेब पाहुणे म्हणून आले होते, आणि प्रत्येक घरसभेनं वर्षभर काय अभ्यास केला ते दोन शब्दांत सांगायचं होतं. बार्शी रोडच्या गटाचे धोंडप्पा गुरुजी उठले. निवृत्त हेडमास्तर. दीड वर्ष ते बायबलातल्या एकट्या लेवीय पुस्तकात मुक्काम ठोकून होते. त्यांनी अंगावर उठणाऱ्या चट्ट्यांचे नियम खणखणीत आवाजात वाचून दाखवले, आणि सणाच्या जेवणाची वाट बघत बसलेल्या मंडळींची भूक मेली. मग दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या गटाकडून उज्वला सिस्टर उठली आणि दक्षिणेकडून आलेल्या कुठल्याशा पुस्तिकेतून इंग्रजीत बोलली. साखराबाई पत्र्याच्या वसाहतीतल्या. त्यांच्या गटात पुस्तकच नव्हतं. त्यांनी ढोलकी घेतली आणि कुणी थांबवेपर्यंत गाणं म्हटलं. चंद्रप्पांनी मागच्या वर्षीच्या उपस्थितीचा गोषवारा वाचला. पाहुणे पाळकसाहेबांच्या कानाशी लागून म्हणाले, "ही सगळी एकाच मंडळीची माणसं आहेत ना?"

पाळक ईश्वरप्पा मूळचे बिदरकडचे. मनाला लावून घेणारा माणूस. पाहुण्यांची जीप वळणाआड जाताच त्यांनी सगळ्यांना थांबवलं. "महिन्याभरात चारही गटांचा एकच अभ्यास ठरला पाहिजे," ते म्हणाले. "नसंल ठरत, तर घरसभा बंद. बुधवारी सगळ्यांनी इथं चर्चमध्ये यायचं, मी शिकवीन."

चंद्रप्पांनी पायरीकडं पाहिलं. सुवार्ताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. "पाळकसाहेब," चंद्रप्पा म्हणाले, "ते काम माझ्याकडं द्या." आणि एकदम आठवून पुढं म्हणाले, "कुणीतरी जबाबदार माणूस लागतो असल्या कामाला."

चांगला अभ्यास निवडायचा म्हणजे नमुने मागवणं आलं. चंद्रप्पांनी मागवले. पहिलं पुस्तक कुठल्यातरी परदेशी पुस्तकावरून मराठीत उतरवलेलं होतं. धडा पहिला, प्रश्न पहिला: 'तुमच्या शेजाऱ्याचा कुत्रा तुमच्या हिरवळीवर आला असता तुम्हाला काय वाटते?' तो साखराबाईंच्या शेडात वाचून दाखवला तर साखराबाई म्हणाल्या, "साहेब, आमच्यात कुत्र्यानं यावं एवढी जागाच कुठं हाय? आलाच तर त्याला बी आत घेऊन बसू." आणि मग तासभर वसाहतीतल्या कुत्र्यांवर चर्चा झाली.

दुसऱ्या पुस्तकात गाळलेल्या जागा होत्या आणि उत्तरं शेवटच्या पानावर. धोंडप्पा गुरुजींनी ते शेवटचं पान टर्रकन फाडून खिशात घातलं. "उत्तरं पोरांच्या हाती द्यायची नसतात," ते म्हणाले. त्यांच्या गटातली सगळ्यात धाकटी पोर छप्पन्न वर्षांची होती. तिसरं पुस्तक उज्वला सिस्टरला दिलं. तिनं दोन पानं चाळून परत केलं. "सर, ह्याच्यात लिहिलंय रोज पहाटे दोन तास शांत बसा. नाईट ड्युटीवाल्यांनी कधी बसायचं?" चौथं पुस्तक सगळ्यांना आवडलं, पण ते छापायचं बंद झालं होतं.

चंद्रप्पा बैठकीत डोकं धरून बसले असताना शेजारचे शेषेराव आले. शेषेराव शिरूर अनंतपाळकडचे मोठे शेतकरी. लातुरात घर बांधलं ते राहायला. पण गावोगावची पोरं क्लासला येताहेत हे पाहून त्यांनी प्रत्येक खोलीत खाटा टाकल्या, आणि आता त्यांना स्वतःला जिन्याखाली झोपावं लागायचं. क्लास या विषयात त्यांचा शब्द शेवटचा असे.

"साहेब, तुमी चुकायलाव कुठं सांगू का?" शेषेराव म्हणाले. "लातुरात पुस्तक कोण वाचतंय? पुस्तक शाळेत दाखवायला. खरं चालतंय ते नोट्स. सरानं स्वतःच्या हातानं काढलेल्या."

"नोट्स?"

"हाव. ह्याचं थोडं, त्याचं थोडं, खाली प्रश्न. तुमी एवढे फायलीवर लिव्हता. धा-बारा पानं तुमाला लई झाली व्हय?"

आता हेडक्लार्क माणसाला 'तुम्ही लिहू शकता' एवढं म्हटलं की पुढचं देवालाही आवरत नाही. चंद्रप्पांनी आठवड्याभरात आठ पाठ लिहून काढले. प्रत्येक पाठात प्रस्तावना, संदर्भ, विषय, विवेचन, निष्कर्ष आणि सादर. बापाची दौलत उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राचा दाखला त्यांनी असा लिहिला होता की वाचणाऱ्याला वाटावं, धाकट्या मुलानं रजेचा अर्ज न देता मुख्यालय सोडलं. सुवार्ताबाईंनी एक पाठ वाचला आणि एवढंच विचारलं, "ह्यात बोलायचं कधी?" चंद्रप्पा म्हणाले, "शेवटी वेळ उरला तर."

मग झेरॉक्स. क्लासच्या गल्लीत मकसूदचं दुकान होतं. लातुरातले निम्मे डॉक्टर मकसूदच्या मशिनीतून निघाले, असं तो स्वतः सांगायचा. चंद्रप्पांनी कागद दिले, वर ठळक लिहून दिलं: 'लहान गटांसाठी समान अभ्यास'. शेवटच्या पानावर, गरज नसताना, आपलं नाव आणि घरचा पत्ता टाकला.

"साहेब, फिकर नक्को," मकसूद म्हणाला. "कव्हर असं लावतो, देखते रह जाव."

त्यानं शब्द पाळला. क्लासवाल्यांसाठी छापून ठेवलेलं गुलाबी कव्हर त्यानं लावलं. वर 'यशाची गुरुकिल्ली', खाली मोकळ्या रेघा. त्या रेघांवर त्याच्या पुतणीनं, अर्शियानं, वळणदार अक्षरात भरलं होतं: 'सर: चंद्रप्पा मुखेडकर. बॅच: लहान गट. वेळ: बुधवार सायंकाळी.' चंद्रप्पांनी खरं म्हणजे रागवायला हवं होतं. ते रागवणारही होते. पण त्यांची नजर 'सर' या शब्दावर गेली, तिथंच थोडी घुटमळली, आणि त्यांनी प्रती पिशवीत भरल्या. एक प्रत मकसूदनं नमुना म्हणून दुकानासमोरच्या दोरीला चिमट्यानं लटकवली, ते त्यांनी पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी लातुरात क्लास म्हणजे दोन-दोनशे पोरं एका पत्र्याखाली. तिथं 'लहान गट' म्हणजे सोन्याची खाण. आणि नोट्स आत उघडून बघायची पद्धत नव्हतीच. नोट्स घ्यायच्या आणि पोराच्या टेबलावर ठेवायच्या, बापाचं काम संपलं.

पुढल्या सोमवारी चंद्रप्पा ऑफिसातून आले तर दारात अहमदपूरच्या मोंढ्यातले अडते विरूपाक्ष उभे. हातात शेंगांची पिशवी, मागं जाडजूड चष्म्याची मुलगी.

"सर, पोरीला तुमच्या लहान गटात घ्या. मोठ्या क्लासात ती खांबामागं बसतीय. दोन वर्षं झाली, तिला सर नुसते ऐकू येतात."

चंद्रप्पांनी समजावलं, की हा तसला क्लास नव्हे, ही प्रार्थनेची सभा आहे, इथं फी नाही, परीक्षा नाही.

"फी न्हाई?" विरूपाक्ष एक पाऊल मागं सरले आणि त्यांनी चपला काढल्या. "म्हंजे लईच मोठं नाव असणार."

शेंगा ठेवून ते गेले. मंगळवारी तूप आलं. त्यानंतर निलंग्याहून एक आजोबा आले आणि नातवाची गुणपत्रिका ओट्यावर अंथरून बसले. चंद्रप्पा जितकं नाही म्हणत तितकी लोकांची खात्री पटे, की बॅच भरत आली असणार. त्यातून शेषेरावांनी आपल्या फाटकावर पाटी लावली: 'मुखेडकर सरांच्या शेजारी राहण्याची उत्तम सोय.'

"शेषेराव, ही पाटी काढा."

"तुमचं काय जायलंय, साहेब? मी खोटं थोडंच लिव्हलंय? तुमी मुखेडकर, आन् मी शेजारी."

पाटी तशीच राहिली. पण खऱ्या क्लासवाल्यांच्या गल्लीत तिला उत्तर तयार झालं. फुकट शिकवणारा माणूस त्यांना कसा परवडावा? कुणीतरी निनावी तक्रार केली, आणि चंद्रप्पांच्या टेबलावर नोटीस येऊन पडली: शासकीय सेवेत असताना विनापरवाना शिकवणी वर्ग चालवल्याबद्दल खुलासा करावा. नोटिशीचा मसुदा चंद्रप्पांचाच होता. कितीतरी वर्षांपूर्वी त्यांनीच तो बसवला होता, आणि दुसऱ्यांना देताना त्यातलं 'अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल' हे वाक्य त्यांना फार आवडायचं. आज नाही आवडलं.

त्यांनी अकरा पानी खुलासा लिहिला. चौकशीसाठी नेमल्या होत्या नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कार्यालयातल्या नाझनीन मॅडम. कडक बाई. त्यांनी नांदेडहून फोन केला. "मुखेडकर, अकरा पानं निर्दोष माणूस लिहीत नसतो. मी बुधवारी स्वतः येऊन बघते. क्लास निघाला तर तो त्या दिवशी बंद होणार, आणि वरून खात्याची कारवाई. समजलं?"

चंद्रप्पांनी रिसीव्हर ठेवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की त्याच बुधवारी पाळक ईश्वरप्पा नमुना पाठ बघायला येणार होते, चारही गटांच्या प्रमुखांना घेऊन. पाठ शिकवला, तर मॅडम सभा बंद करणार. नाही शिकवला, तर पाळकसाहेब बंद करणार. आगीतून फुफाट्यात पडायचं तर निदान एकापाठोपाठ एक पडता येतं. चंद्रप्पांना दोन्हीकडं एकदमच पडायचं होतं. त्या रात्री त्यांनाही झोप नव्हती. शेवटी सुवार्ताबाईच म्हणाल्या, "जाऊ द्या. नसला बुधवार तर नसला." त्या हे इतक्या सहज म्हणाल्या की चंद्रप्पा उठून ओट्यावर जाऊन बसले.

बुधवार उजाडला. चंद्रप्पांनी सगळ्या गुलाबी नोट्स गोळा करून दिवाणाच्या गादीखाली घातल्या. फळा म्हणून आणलेला प्लायवूडचा तुकडा मोरीत ठेवला. शेंगांची पिशवी पलंगाखाली ढकलली. संध्याकाळी सगळे जमले. गुरुजी आले, उज्वला सिस्टर आली, साखराबाई ढोलकीसकट आल्या, पाळकसाहेब वही उघडून कोपऱ्यात बसले. शेषेराव 'बघावं म्हनलं' म्हणून आले. आणि नाझनीन मॅडम आल्या, चष्मा पुसला आणि नेमक्या दिवाणावर बसल्या. गादी एका बाजूला उंच झाली होती, त्यामुळं त्या सगळा वेळ किंचित तिरप्या दिसत होत्या.

"चालू द्या," मॅडम म्हणाल्या. "रोज जसं करून राहिले तसंच करा. मी बसते."

चंद्रप्पा उभे राहिले. मग उभं राहणं म्हणजे सर होणं, हे आता कळलेलं असल्यानं घाईनं खाली बसले. बोलायला तोंड उघडलं तर प्रस्तावना आठवली, ती गिळली. पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. गुरुजी खाकरले. "चंद्रप्पा, पाठ?" ते म्हणाले. चंद्रप्पांनी डोळ्यांनी दटावलं. गुरुजींना दटावणी कळायची सवय नव्हती. जन्मभर त्यांनी ती दिलेली होती. "अहो, त्या गुलाबी नोट्स..."

तेवढ्यात औसा रोडवरून उसाचा एक ट्रक धडधडत गेला. खिडकीची तावदानं खणखणली, कपाटातल्या बश्या किणकिणल्या. आणि बैठकीतलं एकूण एक माणूस अर्धवट उठून दाराकडं वळलं. गुरुजी काठी सोडून उठले. पाळकसाहेबांची वही पडली. साखराबाईंनी ढोलकी छातीशी धरली. ट्रक लांब गेला तेव्हा सगळ्यांनी पाहिलं, की सगळ्यात पुढं, थेट उंबऱ्यात, पर्स काखेत मारून नाझनीन मॅडम उभ्या होत्या.

मग साखराबाई खळखळून हसल्या. "मॅडम, तुमी तर आमच्या बी पुढं!"

मॅडम हसल्या नाहीत. परत येऊन बसल्या आणि चष्मा पुन्हा पुसू लागल्या. "मी तेव्हा महिनाभर ड्युटीवर होते," त्या म्हणाल्या. "ताडपत्र्या वाटायला. अजून आवाज झाला की पाय आपोआप उठतात. नांदेडात लोक हसतात."

"इथं न्हाई कुणी हसायचं," शेषेराव म्हणाले. "म्या अजून जिन्याखाली झोपतो. लोकास्नी वाटतंय खाटा भाड्यानं दिल्यात म्हणून." इतकी वर्षं शेजारी राहून चंद्रप्पांनाही तसंच वाटत होतं.

मग उज्वला सिस्टर बोलली, गुरुजी बोलले. आणि सुवार्ताबाई बोलल्या. "आमचे हे सगळ्यांच्या आधी बाहेर पळाले," त्या म्हणाल्या. "काखेत रेडिओ. मी आत."

हशा उसळला. चंद्रप्पांचे कान लाल झाले. "मी लगेच परत आलो होतो," ते म्हणाले.

"आले ना. रेडिओ ठेवून आले." सुवार्ताबाईही हसत होत्या, आणि हसता हसताच त्यांनी मॅडमकडं वळून बहिणीचं नाव घेतलं. तिचं गाव सांगितलं. मॅडमनी ते गाव पाहिलं होतं. तिथं कडुलिंबाखाली तंबू कुठं होता ते त्यांनी सांगितलं, आणि सुवार्ताबाई सरकत सरकत दिवाणापाशी जाऊन बसल्या. दोघी कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत राहिल्या, आणि बाकीचे ऐकत राहिले. चहा कुणीतरी आपणहून केला.

पाळक ईश्वरप्पांनी प्रार्थना केली; नेहमीपेक्षा लहान. मग वही मिटून म्हणाले, "बाकीच्या गटांनी पण येत्या बुधवारी हेच करा. आधी एकमेकांचं ऐकायचं, मग वचन वाचायचं. झाला एकच अभ्यास." गुरुजींनी, यात लेवीय कुठं बसतं, असं विचारलं, तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, शेवटी वेळ उरला तर.

नाझनीन मॅडम दारात सँडलचा पट्टा लावत होत्या. चंद्रप्पा हात जोडून उभे, सुवार्ताबाई शेजारी.

"मुखेडकर, मी अडीच तास बघितलं," मॅडम म्हणाल्या. "तक्रार खोटी आहे. इथं कोणी काही शिकवत नाही. तुम्ही तर नाहीच नाही. तुम्हाला शिकवता येत असेल असं मला वाटतही नाही. असंच लिहून देणार आहे."

चंद्रप्पांनी सुटकेचा श्वास घेतला. तो पुरता आत जायच्या आधीच त्यांना काहीतरी टोचलं. आठ पाठ. विवेचन. निष्कर्ष. "म्हणजे मॅडम," ते म्हणाले, "अगदीच काही नाही, असं नका लिहू. थोडंफार मार्गदर्शन असतं माझं. मी स्वतः काही टिपणं..."

मॅडमचा हात पट्ट्यावरच थांबला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मुखेडकर, तुमचा बुधवार चालू ठेवायचाय की बंद करायचाय?"

चंद्रप्पांनी बायकोकडं पाहिलं. तिचे डोळे रडून सुजले होते, आणि ती जांभई देत होती.

"नाही मॅडम," ते म्हणाले, "मला काहीच शिकवता येत नाही."